चौथ्या क्रमांकाची खुर्ची

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये त्या खुर्च्यांविषयी जेमतेम दोन ओळी होत्या. तिसऱ्या जॉर्जच्या काळातील, हेपलव्हाइट पद्धतीच्या, महोगनी लाकडाच्या सहा जेवणाच्या खुर्च्या. पाठ ढालीच्या आकाराची. लिंकनशायरमधील एका जमीनदार घराण्याकडून आल्याचे सांगितले जाते. यातले शेवटचे ‘सांगितले जाते’ हे शब्द मी वाचले होते, पण त्यांचा नेमका अर्थ कळायला पुढचे जवळजवळ वर्ष गेले. मी यॉर्कशायरमध्ये वेकफिल्डजवळ राहतो आणि व्यवसायाने यंत्र अभियंता आहे. जुन्या लाकूडकामाची ओढ कोकणातल्या आजोळच्या घरामुळे लागली, आणि नोकरीत स्थिरावल्यावर मी आसपासच्या गावांतल्या लिलावांना जाऊ लागलो. त्या दिवशी हातोडा ५२० पौंडांवर पडला, त्यावर लिलावगृहाचे कमिशन आणि कमिशनवरचा कर धरून ६७६ पौंड झाले. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या सहा खुर्च्या एवढ्या पैशांत मिळतात याचे कारण सोपे आहे : गडद रंगाच्या जुन्या लाकडी सामानाची, ज्याला इकडचे व्यापारी काहीशा तुच्छतेने ‘ब्राउन फर्निचर’ म्हणतात, मागणी या शतकाच्या सुरुवातीपासून घसरत गेली आहे. मला वाटले, आपण वेळ अचूक साधली.

खुर्च्या दिसायला फार सुरेख होत्या, आणि आजही आहेत. पाठीची ढाल वरच्या बाजूला दोन्हीकडे खांद्यासारखी फुगत जाते आणि खाली निमुळती होऊन एका टोकाला येते. ढालीच्या आत पाच बारीक दांडे पंख्यासारखे उघडतात. मधल्या दांड्यावर कलशासारखे पात्र कोरलेले आहे आणि वरच्या काठाशी गव्हाच्या ओंब्या. पुढचे पाय सरळ, चौकोनी आणि खाली बारीक होत जाणारे. त्याआधीच्या पिढीतल्या खुर्चीचा पाय जनावराच्या मागच्या पायासारखा वळलेला असे आणि त्याच्या तळाशी पंजा असे. इथे तो वळण टाकून एकदम ताठ उभा राहिला आहे. हर्क्युलेनियमचे उत्खनन १७३८ मध्ये आणि पॉम्पेचे १७४८ मध्ये सुरू झाले. इटलीत काही वर्षे काढून १७५८ मध्ये रॉबर्ट अ‍ॅडम हा स्कॉटिश वास्तुविशारद परतला आणि त्याने श्रीमंत इंग्रजांच्या घरांत रोमन कलश, माळा, वीणेसारखी लायर ही वाद्ये आणि गोल फुलांच्या चकत्या आणल्या. वीस वर्षांत हा नमुना गावोगावच्या सुतारांपर्यंत झिरपला. माझ्या खुर्च्या या झिरपण्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या.

हेपलव्हाइट या नावाविषयी मात्र माझा घेतानाच गोंधळ झाला होता. हे नाव म्हणजे कारागिराची सही असे मी समजत होतो. वस्तुस्थिती अशी की जॉर्ज हेपलव्हाइट हा फर्निचर बनवणारा कारागीर १७८६ मध्ये वारला, आणि त्याच्या नावाचे नमुनापुस्तक १७८८ मध्ये त्याची विधवा पत्नी अ‍ॅलिस हिने प्रसिद्ध केले. त्याच्या स्वतःच्या हातची म्हणून खात्रीने दाखवता येईल अशी एकही वस्तू आज कोणापाशी नाही. तेव्हा ‘हेपलव्हाइट खुर्ची’ याचा अर्थ एवढाच, की त्या पुस्तकातल्या चित्रांशी जुळणारी खुर्ची. हे पुस्तक मात्र अतिशय उपयोगी आहे, कारण ते मापे देते : बैठकीची पुढची रुंदी २० इंच, खोली १७ इंच, बैठकीच्या चौकटीची उंची १७ इंच आणि खुर्चीची एकूण उंची सुमारे ३ फूट १ इंच. महोगनीच्या खुर्च्यांना घोड्याच्या केसांच्या कापडाची बैठक असावी असेही त्यात सांगितले आहे. हे कापड गुळगुळीत असते, सांडलेले पुसले की निघते आणि लोकरीसारखा अन्नाचा वास धरत नाही. खुद्द अ‍ॅडमनेही लिहून ठेवले आहे की जेवणाच्या दालनाच्या भिंतींवर भरजरी कापड लावू नये, कारण त्यात वास राहतो. इंग्रज पुरुष जेवणानंतर तासन्‌तास टेबलाशी बसून राजकारण बोलत, म्हणून ते दालन महत्त्वाचे. पण जेवण संपल्यावर टेबल हलवून खुर्च्या भिंतीलगत ओळीने मांडत. लंडनजवळच्या ऑस्टर्ली पार्क या अ‍ॅडमने सजवलेल्या वाड्यात जेवणाचे दालन आजही तसेच मांडलेले दिसते. यामुळेच खुर्चीच्या पाठीची मागची बाजू बहुधा साधी सोडलेली असते. ती भिंतीला दिसणार, माणसाला नाही.

घरी आणल्यावर पहिल्याच रविवारी सहाही खुर्च्या जुन्या चादरीवर उलट्या घालून मी तपासणी सुरू केली. हे काम कोणीही करू शकतो. त्याला एक विजेरी, एक मोजपट्टी, एक भिंग आणि गुडघ्यांत थोडी ताकद एवढेच लागते. या खुर्च्यांची बैठक उचलून काढता येते. बीच लाकडाची एक स्वतंत्र चौकट, त्यावर पट्टे आणि घोड्याचे केस, आणि ही सगळी चौकट खुर्चीच्या आडव्या पट्ट्यांमधल्या खाचेत बसते. प्रत्येक खुर्ची हाताने केलेली असल्यामुळे एकीची चौकट दुसरीत नीट बसत नाही, म्हणून सुतार खुर्चीच्या खाचेत आणि बैठकीच्या चौकटीवर पटाशीने एकच रोमन आकडा कोरत असे. आजोळी घर उतरवून पुन्हा उभारताना सुताराने प्रत्येक तुळईवर आणि वाशावर पटाशीनेच खुणा केलेल्या मी लहानपणी पाहिल्या होत्या, त्यामुळे ती पहिली खूण दिसताच मला कोणी ओळखीचे भेटल्यासारखे झाले. खाचांत आकडे सापडले ते असे : दोन, तीन, पाच आणि सात. उरलेल्या दोन खुर्च्यांत, ज्यांना मी पुढे वहीत ‘क’ आणि ‘ख’ असे म्हटले, त्या जागी काहीच दिसले नाही. पण ‘ख’च्या बैठकीच्या चौकटीवर चार उभ्या रेघा होत्या, त्या काळचे सुतार चार हा आकडा असाच लिहीत. मी तेव्हा फार खोलात गेलो नाही. आकडे सातापर्यंत जातात, म्हणजे मूळ संच किमान सातचा आणि बहुधा आठचा किंवा त्याहून मोठा, एवढे टिपून मी खूश झालो.

दुसऱ्या दिवशी खूश राहण्याचे कारण उरले नाही. सामान तोलायच्या काट्याला टांगून पाहिले तेव्हा आकडे असलेल्या चारही खुर्च्या ५.४ ते ५.७ किलोच्या भरल्या, ‘ख’ ५.१ आणि ‘क’ अवघी ४.७. अठराव्या शतकात वेस्ट इंडीज बेटांवरून येणारी महोगनी घट्ट आणि जड असे. नंतरच्या काळात वापरली गेलेली बरीचशी महोगनी हलकी आहे. मग मी कोपरे पाहिले. चार खुर्च्यांत कोपऱ्याला बळकटी देणाऱ्या तिरक्या पट्ट्या शेजारच्या दोन पट्ट्यांत खाचा पाडून बसवलेल्या होत्या. ‘क’ आणि ‘ख’मध्ये मात्र त्रिकोणी ठोकळे सरसाने चिकटवून वर स्क्रू मारले होते, आणि एक स्क्रू काढून पाहिला तर त्याला छान टोक होते. टोकदार स्क्रू यंत्रावर होऊ लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. एखादा स्क्रू दुरुस्तीत नंतर बसवला गेला असे म्हणून मी तेवढ्यावर थांबलो असतो, पण ‘क’च्या बाजूच्या पट्टीच्या आतल्या अंगावर विजेरी आडवी धरताच करवतीचे अर्धवर्तुळाकार ओरखडे लख्ख दिसले. हातकरवतीचे ओरखडे सरळ आणि थोडे वेडेवाकडे असतात. असे कमानदार ओरखडे फिरत्या गोल करवतीचेच.

मापांनी आणखी एक गोष्ट उघड केली, आणि अभियंता असल्यामुळे मला ती सगळ्यांत पटली. आकडे असलेल्या चार खुर्च्यांच्या मापांत परस्परांत तीन-चार मिलिमीटरचा फरक होता, जसा हातकामात असायचाच. ‘क’ आणि ‘ख’च्या बाजूच्या पट्ट्या मात्र एकमेकींशी तंतोतंत जुळत होत्या आणि बाकी चारींपेक्षा सुमारे एक सेंटिमीटरने आखूड होत्या. पृष्ठभागाने काहीच मदत केली नाही. अतिनील विजेरी टाकली तर सहाही खुर्च्या नारिंगी चमकल्या, म्हणजे सगळ्यांवर लाखेचे पॉलिश. ही लाख आपल्याकडच्या जंगलांतून जाई आणि तिचे चकचकीत फ्रेंच पॉलिश इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात रूढ झाले, त्यामुळे कधीतरी सगळा संच घासून एकसारखा केलेला होता. मला आता वाटते की जुनी खुर्ची विकत घेणाऱ्याने तिच्या चकाकीकडे पाहूच नये. जिथे कोणाचा हात पॉलिशचा बोळा घेऊन पोहोचला नाही, तिथे पाहावे.

इथपर्यंत माझा निष्कर्ष होता की चार खुर्च्या अस्सल, ‘क’ ही नंतरची नक्कल आणि ‘ख’ संशयास्पद. ‘ख’विषयी मी कच खात होतो, कारण तिची पाठ निर्दोष होती. ओंब्यांचे दाणे बाकी चारींसारखेच थोडे वेगवेगळे आणि जिवंत कोरलेले होते, तर ‘क’च्या ओंब्या साच्यातून काढल्यासारख्या ठोकळेबाज होत्या. आपण सगळे खुर्ची पाठीवरून पारखतो, आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक असते.

गुंता सोडवला तो जुन्या सामानाची दुरुस्ती करणाऱ्या एका वयस्क कारागिराने. ‘क’ आणि ‘ख’चे सांधे हलत होते, त्यामुळे ते सोडवावे लागणारच होते. जनावरी सरस कोमट पाण्याने आणि वाफेने सुटतो. ही त्याची मोठी सोय, म्हणूनच जुन्या खुर्चीला आधुनिक गोंद लावणे हा त्या कारागिराच्या दृष्टीने गुन्हा होता. सांधे उघडले तेव्हा ‘क’च्या पुढच्या पायांत आणि पुढच्या आडव्या पट्टीत कूस आणि खाच असा जुना जोड निघाला, बाकी सर्वत्र गोल खुंट्या ठोकलेल्या होत्या. असे खुंट्यांचे जोड अठराव्या शतकातल्या चांगल्या खुर्चीत सापडत नाहीत. मग त्याने ‘क’ची पुढची पट्टी उलटी करून तिच्या खाचेतला काळसर थर ओल्या बोळ्याने पुसला. तो थर जुनेपणा दाखवण्यासाठी लावलेला रंग होता, आणि त्याखाली चार उभ्या रेघा होत्या. ‘ख’मध्ये नेमके उलटे निघाले : मागचे पाय आणि त्यांच्याशी अखंड असलेली ढालीची पाठ जुनी, पुढचे सगळे नवे.

म्हणजे चौथ्या क्रमांकाची एक अस्सल खुर्ची कोणीतरी मधोमध फाडली होती. तिचा पुढचा भाग ‘क’ला गेला, मागचा भाग आणि बैठकीची चौकट ‘ख’ला, आणि उरलेले अर्धे-अर्धे भाग नव्या लाकडातून करून पाचाच्या सहा खुर्च्या झाल्या. यामागचा हिशेब त्या कारागिराने मला समजावला. पाच खुर्च्यांना गिऱ्हाईक नसते. सहाचा संच विकला जातो, आठचा त्याहून चढ्या भावाने आणि ज्यातल्या दोन खुर्च्यांना हात आहेत असा बाराचा संच कितीतरी पटींनी. त्यामुळे संच वाढवण्याचा उद्योग या धंद्यात फार जुना आहे. पूर्ण नवी खुर्ची सहज पकडली जाते, पण जुनी फोडून तिचे अवयव दोघींत वाटले तर प्रत्येकीत दाखवण्याजोगे काहीतरी खरे राहते. याच कारणाने साध्या खुर्चीला नंतर हात जोडलेले दिसतात. खरी हातांची खुर्ची मुळातच दोन-तीन इंच रुंद केलेली असते, म्हणून रुंदी मोजली की तो डाव उघडा पडतो.

ढालीची पाठ मुळात नाजूक असते हेही इथे सांगितले पाहिजे. ती बैठकीपर्यंत येत नाही. मागच्या पायांचे वरचे तुकडे तिला दोन्ही बाजूंनी धरून हवेत तोलतात. मागे रेलणाऱ्या माणसाचा सगळा भार त्या दोन सांध्यांवर येतो आणि खुर्ची तिथेच मोडते. माझ्या पाच आणि सात क्रमांकांच्या खुर्च्यांना नेमक्या त्याच जागी मागून लोखंडी पट्ट्या मारलेल्या आहेत. दिसायला त्या ओंगळ आहेत, पण अशा पट्ट्या पाहून मला आता बरे वाटते, कारण मोडलेल्या नक्कलेसाठी सहसा कोणी इतका त्रास घेत नाही.

लाकडाचा निकाल लागला तरी कागदाचा राहिला होता. मालकीची अखंड साखळी, जिला इकडे ‘प्रोव्हेनन्स’ म्हणतात, कशी असते ते मी घराजवळच्या नॉस्टेल या जुन्या वाड्यात पाहिले आहे. तिथल्या ग्रंथालयातल्या लायर-पाठीच्या सहा खुर्च्या टॉमस चिपेंडेल या नामवंत इंग्रज फर्निचर-कारागिराने पुरवल्या. १७६८ सालच्या त्याच्या बिलात त्या महोगनीच्या, हातांच्या, प्राचीन धाटणीच्या कोरीव कामाच्या आणि हिरव्या घोडकेसी कापडाच्या म्हणून ३६ पौंडांना नोंदलेल्या आहेत. बिल, खुर्च्या आणि घर तिन्ही आजही टिकून आहेत. (चिपेंडेल म्हटले की लोकांना त्याच्या १७५४ च्या पुस्तकातली नागमोडी, पानाफुलांची रोकोको खुर्ची आठवते, पण माझ्या मते त्याचे सर्वोत्तम काम नंतरचे, असे ताठ आणि संयत आहे.) लँकेस्टरच्या गिलोज या कारखान्याच्या बाबतीतही कागद टिकले आहेत. त्यांच्या वह्यांत वस्तूचे रेखाचित्र आणि तिला लागलेला खर्च सापडतो, आणि पुढे ते मालावर नावाचा ठसाही मारू लागले. माझ्या खुर्च्यांवर ठसा नाही. बहुसंख्य इंग्रज खुर्च्यांवर नसतोच.

मी तरीही लिंकनच्या अभिलेखागारात दोन दिवस काढले. कॅटलॉगमध्ये सुचवलेल्या घराण्याच्या सामानाच्या एका यादीत जेवणाच्या दालनात घोडकेसी बैठकीच्या दहा महोगनी खुर्च्या असल्याची नोंद सापडली आणि अर्धा तास माझे हात थरथरत होते. मग लक्षात आले की अशी ओळ त्या काळच्या कोणत्याही बऱ्यापैकी घराच्या यादीत सापडेल. त्यात ढाल नाही, ओंबी नाही, कलश नाही. दहा ही संख्या माझ्या सातपर्यंतच्या आकड्यांशी विसंगत नाही, एवढेच म्हणता येईल, आणि विसंगत नसणे हा पुरावा नव्हे.

लिलावगृहाने विक्रेत्याचे नाव सांगायला नकार दिला, ते योग्यच होते, पण माझे पत्र पुढे पाठवले. सहा आठवड्यांनी एका बाईंचे सविस्तर उत्तर आले. त्यांच्या आजीने लग्नानंतर, १९५० च्या दशकात, या सहा खुर्च्या हॅरोगेटच्या एका दुकानातून घेतल्या होत्या, आणि जमीनदार घराण्याची गोष्ट दुकानदाराने आजीला सांगितली होती. आजीने ती मुलीला सांगितली, मुलीने नातीला, नातीने लिलावगृहाला, आणि लिलावगृहाने मला. सत्तर वर्षे तीन पिढ्यांनी प्रामाणिकपणे जपलेली ही गोष्ट एका विक्रेत्याच्या तोंडून सुरू होते आणि त्याच्या मागे काहीच नाही. शिवाय ती गोष्ट सहा खुर्च्यांविषयी होती, आणि यांतल्या त्या घराण्याकडे असतील तर पाचच असू शकत होत्या.

या सगळ्या शोधात एक उगम मात्र कोणीच विचारला नव्हता, मीही नाही. १७२१ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरचा आयातकर उठला, आणि जमैकासारख्या ठिकाणची महोगनी इंग्लंडच्या घरांत भरली. ती तोडणारे आणि ओढून नदीकाठी आणणारे हात गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांचे होते. चारही खुर्च्यांविषयी मी शपथेवर सांगू शकेन असे पूर्वेतिहासाचे एवढेच एक वाक्य आहे, आणि ते कोणत्याही कॅटलॉगमध्ये छापून येत नाही.

लिलावगृहाकडे मी तपासणीचा अहवाल छायाचित्रांसह पाठवला. त्यांनी आधी अटींकडे बोट दाखवले, आणि अटींत खरोखरच लिहिले होते की वर्णन हे केवळ मत आहे आणि खरेदीदाराने वस्तू स्वतः पाहून घ्यावी. मी पुन्हा लिहिले तेव्हा त्यांनी सहाही परत घेऊन पैसे देण्याची तयारी दाखवली, मात्र काही खुर्च्या ठेवून काही परत देता येणार नाहीत म्हणाले, कारण तो एक संच होता. या उत्तरावर मी बराच वेळ एकटाच हसलो आणि खुर्च्या ठेवून घेतल्या.

कारागिराने विचारले होते की ‘क’ आणि ‘ख’ मोडून चौथी खुर्ची पुन्हा एक करायची का. खर्च मूळ किमतीच्या आसपास गेला असता, आणि नव्या भागांतही आता बहुधा शंभरेक वर्षांचे काम होते, म्हणून मी नको म्हटले. त्याने दोन्ही पुन्हा सरसाने जोडल्या, आणि मी प्रत्येक बैठकीच्या खाली एक कागद चिकटवला, ज्यात त्या खुर्चीतला कोणता भाग जुना आणि कोणता नवा, आणि हे कशावरून ठरवले, ते लिहिले आहे. एवढे झाल्यावर सहज म्हणून ‘ख’मधली चार रेघांची चौकट उचलून मी ‘क’मध्ये बसवून पाहिली. पुढच्या कडेला, जिथे पट्टीवरही त्याच चार रेघा आहेत, ती चपखल बसली. बाजूंना मात्र दोन्हीकडे फट राहिली, कारण नव्या खुर्चीत मावावी म्हणून तिच्या कडा कोणीतरी रंध्याने उतरवल्या होत्या. ती खडखडत होती, म्हणून मी काढून पुन्हा ‘ख’मध्ये ठेवली.